परवाना न लागणारा समुद्र

कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या पिअरवर रोज हजारो लोक फोटो काढतात. त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं, की हा पिअर सांडपाण्याच्या नळासाठी बांधला होता. शहराची घाण किनाऱ्याला परत लागू नये म्हणून ती लाटा फुटतात त्या रेषेच्या पलीकडे नेऊन सोडायची होती. नळाला आधार हवा म्हणून समुद्रात खांब रोवले, खांबांवर पाटण घातलं आणि ९ सप्टेंबर १९०९ रोजी लोकांना त्यावरून चालायला मोकळीक दिली. पुढे सांडपाणी तिथून सोडणं बंद झालं. आकाशपाळणा आला, खाण्याच्या टपऱ्या आल्या, ‘रूट ६६’ इथे संपतो अशी पाटी लागली. हा सगळा गलबला ओलांडून पार टोकाला गेलं, की कठड्याला टेकून गळ टाकणारी माणसं दिसतात. पाळण्याकडे त्यांची पाठ असते.

भाऊच्या धक्क्यासारखं हे बंदर नसतं. पिअर म्हणजे वाळूवरून निघून काटकोनात समुद्रात शिरणारा, खांबांवर उभा असलेला आणि पुढे कुठेच न पोचणारा पूल. उत्तरेला क्रेसेंट सिटीपासून दक्षिणेला मेक्सिकोच्या सीमेलगतच्या इम्पीरियल बीचपर्यंत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर असे अनेक पूल आहेत. त्यांतले पुष्कळसे दुसऱ्याच कामासाठी जन्माला आले. सांता बार्बराचं स्टर्न्स वॉर्फ १८७२ मध्ये लाकूड आणि माल उतरवायला बांधलं गेलं. न्यूपोर्टचा धक्का १८८८ मध्ये मॅकफॅडन बंधूंनी आपल्या मालवाहतुकीसाठी उभारला. बर्कलीचा पिअर १९२० च्या दशकात मोटारगाड्या फेरीबोटीवर चढवायला सुमारे साडेतीन मैल खाडीत नेला. १९३६ मध्ये त्याच खाडीवर बे ब्रिज हा पूल झाला आणि वर्षभरात फेरीबोट बंद पडली. मालाची जहाजं गेली, बोटी गेल्या, नळ गेला. धक्के मात्र राहिले, कारण तिथे गळ टाकणारे राहिले.

या लेखात मासे आहेतच. पण खरा विषय आहे ती जागा. समुद्रकाठची एक इंचभर जमीनही जिथे श्रीमंतांनाच परवडते, अशा प्रांतात पाण्यावरची ही जागा फुकट कशी राहिली, ती कोणी राखली आणि आता ती का जात चालली आहे?

टोकावरची वस्ती

पिअरवर दिवस लवकर सुरू होतो. झुंजूमुंजू होण्याआधीच गाड्यांच्या चाकांचा खडखडाट ऐकू येतो. बाळाची जुनी ढकलगाडी, किराणा आणायची घडीची गाडी, असं काहीबाही जुळवून प्रत्येकाने आपली हातगाडी बनवलेली असते. तिच्यावर दोन रॉड, बादली, आमिषाचा डबा, बर्फाची पेटी, चिमटा, फडकं आणि दोरीला बांधलेलं गोल जाळं. आलेले लोक कोण? मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबं, फिलिपिनो आजोबा, व्हिएतनामी आणि कंबोडियन जोडपी, कोरियन निवृत्त, गोरे, काळे आणि शनिवार-रविवारी पोरंटोरं. भाषा एक नसली, तरी आज पाण्यात काय चाललंय हे एकमेकांच्या बादलीत डोकावून कळतं.

नवख्या माणसाला लांबून सगळा पिअर सारखाच दिसतो. रोज येणाऱ्यांच्या लेखी त्याचे तीन पट्टे असतात. किनाऱ्याजवळ, लाटा फुटतात त्या फेसाळ पाण्यात, सर्फपर्च मिळतो. हा मासा अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो. त्यामुळे पोटुशी मादी लागली तर जाणते लोक ती हलकेच पाण्यात सोडतात. मधल्या पट्ट्यात वाळूच्या तळावर हॅलिबट पडून असतो. आपल्या लेपासारखा चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला, पण अंगाने कितीतरी थोराड. टोकाला खोल पाणी. तिथे बांगड्याच्या कुळातल्या मॅकरेलचे थवे येतात, सार्डिन येतात, कधी बोनिटो येतो. आणि रात्री तळावरून पाकट आणि मुशी फिरतात.

थव्यासाठी वापरतात ती ‘साबिकी’. ही मूळची जपानी युक्ती. एकाच दोरीला सहा-सात बारीक गळ, प्रत्येक गळाला माशाच्या कातड्याची किंवा चमकत्या धाग्याची चिंधी, आणि खाली शिसं. रॉड हळूहळू वर-खाली केला, की त्या चिंध्या पाण्यात लहान माशांसारख्या पळतात. थवा खाली असेल तर एका खेपेत चार-पाच मॅकरेल लटकत वर येतात. मोठ्या माशासाठी अँकोव्ही, माकूळ, शिनाण्यांचं मांस, वाळूतले किडे. ओपलआय नावाचा हिरवट, निळ्या डोळ्यांचा मासा शेवाळ खाणारा, त्याला मात्र चक्क मटार लावतात. गोठवलेल्या मटारची पिशवी घेऊन मासे धरायला निघालेला माणूस पाहिला की नवख्याला थट्टा वाटते. दुपारी त्याची बादली पाहिली की वाटत नाही.

पिअरवरच्या मासेमारीतली सगळ्यात मोठी अडचण उंचीची. कठडा पाण्यापासून वीस-तीस फूट वर. पाण्यात वजन पेलणारी दोरी हवेत त्याच माशाच्या वजनाने तुटते. मोठा हॅलिबट पृष्ठभागावर आला की तो वर ओढायचा नसतो. दोरीने गोल जाळं खाली सोडायचं, मासा त्याच्यावर आणायचा आणि मग जाळं उचलायचं. हे एका माणसाचं काम नव्हे. एकाचे दोन्ही हात रॉडवर अडकलेले असतात, जाळं दुसऱ्यानेच सोडावं लागतं. म्हणून मोठा मासा लागला की ‘नेट!’ अशी आरोळी होते आणि शेजारचा अनोळखी माणूस आपला रॉड कठड्याला टेकवून धावतो. आजूबाजूचे आपापल्या दोऱ्या गुंडाळून वाट मोकळी करतात. पिअरवर गळ टाकणाऱ्यांचा क्लब कागदावर येण्याच्या कितीतरी आधी या गोल जाळ्यापाशी सुरू झालेला असतो.

घोड्यांच्या पैजा आणि एक कलम

अमेरिकेत मासे धरणं हा फुकटचा मामला नाही. कॅलिफोर्नियात सोळा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही मासेमारीचा परवाना काढावा लागतो आणि राज्यातल्या रहिवाशालाही वर्षाला साठ डॉलरच्या वर मोजावे लागतात. अपवाद सार्वजनिक पिअरचा. समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यावरच्या सार्वजनिक पिअरवरून गळ टाकायला परवाना लागत नाही. इथे बंधन वेगळं आहे: एका माणसाने एका वेळी दोनच रॉड किंवा दोनच दोऱ्या वापरायच्या. कठडा सगळ्यांचा, म्हणून कोणी चार रॉड लावून दहा फूट जागा अडवायची नाही. मासा किती लांबीचा असला तर ठेवायचा, किती ठेवायचे, हे नियम मात्र पिअरवरही तसेच लागू. हॅलिबट २२ इंचांपेक्षा लहान असेल तर परत पाण्यात.

या सवलतीच्या मागे एक जुनं कलम आहे. १९१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या लोकांनी आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून राज्याच्या सार्वजनिक जमिनीवरून आणि पाण्यात मासे धरण्याचा हक्क लोकांचा आहे, असं लिहून ठेवलं. राज्याने आपली जमीन विकली, तरी तिथे मासे धरण्याचा लोकांचा हक्क राखूनच विकायची, असंही त्यात आहे. मासेमारी घटनेत जाऊन बसली, याचं आपल्याला नवल वाटेल. पण त्या काळी रेल्वे कंपन्या आणि जमीनदार किनारे आणि नद्या बळकावत होते. घटनेत लिहिल्याखेरीज हक्क टिकणार नाही हे लोकांनी ओळखलं होतं.

नुसत्या कलमाने पूल उभे राहत नाहीत. पैसा आला तो घोड्यांच्या शर्यतींतून. १९४७ मध्ये राज्याने वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन बोर्ड स्थापन केलं आणि शर्यतींवरच्या पैजांतून मिळणाऱ्या महसुलाचा एक वाटा त्याच्याकडे वळवला. पुढच्या काही दशकांत या मंडळाने किनाऱ्यावरच्या गावांना पिअर बांधायला, दुरुस्त करायला मदत केली: काही पैसे गावाचे, काही मंडळाचे आणि गळ टाकणाऱ्यांना प्रवेश मोफत. सॅन डिएगोचा १,९७१ फुटांचा ओशन बीच पिअर १९६६ मध्ये खुला झाला, पॅसिफिकाचा १९७३ मध्ये. पॅसिफिकाच्या पिअरच्या पोटातूनही सांडपाण्याचा नळ जात होता. सांता मोनिकाची गोष्ट साठेक वर्षांनी पुन्हा घडली. कोणी घोड्यावर पैसे हरलं आणि त्या पैशातून कोणाला तरी फुकटात मॅकरेल मिळाला.

कायदा झाला, पैसा झाला. तिसरी गोष्ट राहते ती पहारा. १९७३ मध्ये सांता मोनिकाच्या नगर परिषदेने पिअर पाडायचं ठरवलं. समोर कृत्रिम बेट करून तिथे हॉटेल उभारायचा बेत होता. गावकरी उठले. परिषदेला निर्णय फिरवावा लागला आणि १९७५ मध्ये मतदारांनी पिअर कायमचा राखण्याच्या बाजूने कौल दिला. १९८३ च्या हिवाळ्यात वादळांनी त्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग समुद्रात गेला, तेव्हा ‘आता कशाला’ असं म्हणायची कोणाची छाती झाली नाही. १९९० पर्यंत तो पुन्हा उभा राहिला.

एकाच बंदरातले दोन क्लब

लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यासमोर कॅटलिना नावाचं बेट आहे. त्यावरच्या अ‍ॅव्हलॉन गावात, पाण्याच्या काठाला, ‘टूना क्लब’ची लाकडी इमारत उभी आहे. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या निसर्ग-लेखकाने १८९८ मध्ये हा क्लब स्थापन केला. त्याच साली त्याने रॉड-रीळवर १८३ पौंडांचा ब्लूफिन टूना धरला होता. तोवर बेटावर मोठे मासे जाड हातदोरीने ढिगाने ओढले जात आणि अनेकदा वाया जात. होल्डरचं म्हणणं असं, की माशाला संधी मिळाली पाहिजे: दोरी बारीक, रॉड हलका आणि मासा माणसाने एकट्याने, कोणाचा हात न लावता, खेचायचा. या नियमांची छाप पुढे जगभरच्या खेळ-मासेमारीवर पडली. १९३९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना झाली तिच्या नियमांतही ती दिसते. कादंबरीकार झेन ग्रे या क्लबाचा सभासद होता. जनरल पॅटनसुद्धा.

क्लबापासून हाकेच्या अंतरावर अ‍ॅव्हलॉनचा हिरवा ‘प्लेझर पिअर’ आहे, १९०९ चा. त्या पिअरवर दरवर्षी वेगळ्याच माणसांचा मेळा भरत आला आहे. केन जोन्स या लेखकाने १९९२ मध्ये ‘पिअर फिशिंग इन कॅलिफोर्निया’ हे पुस्तक लिहिलं. २००४ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. राज्यातला एकेक पिअर घेऊन त्याचा इतिहास, तिथले मासे, आमिष, वेळ, जवळचं दुकान, सगळं त्याने नोंदवलं. बोटीवरून मोठा मासा धरणाऱ्यांची पुस्तकं ढीगभर होती; कठड्यावरच्या माणसावर इतक्या आस्थेने कोणी लिहिलं नव्हतं. या पुस्तकाभोवती जमलेल्या मंडळींतून ‘युनायटेड पिअर अँड शोअर अँगलर्स ऑफ कॅलिफोर्निया’ ही संस्था उभी राहिली. तिचे लोक कॅटलिनाला जातात, ओपलआयला मटार लावतात आणि संध्याकाळी एकत्र जेवतात. बर्कलीच्या पिअरवर ते ‘मड मार्लिन डर्बी’ नावाची स्पर्धा भरवत. मार्लिन हा श्रीमंतांच्या बोटींवरचा मानाचा मासा. ‘मड मार्लिन’ म्हणजे खाडीच्या चिखलातलं पाकट! नावातच टूना क्लबाला कोपरखळी आहे.

टूना क्लबात मासा खेचताना रॉडला दुसऱ्याचा हात लागला तर तो मासा बाद. पिअरवर दुसऱ्याचा हात लागल्याशिवाय मोठा मासा वरच येत नाही. एकाच बंदरातल्या या दोन कायद्यांत दोन क्लबांचं सगळं तत्त्वज्ञान आलं. पहिल्याचं मी हसण्यावारी नेणार नाही. माशाला संधी द्यायची ही कल्पना थोर आहे आणि तिच्यामुळे ढिगाने मारणं थांबायला मदत झाली. पण समुद्र लोकांसाठी राखला तो दुसऱ्या कायद्याने.

क्लब नेमकं काय करतो

स्पर्धा आणि जेवणं हा क्लबाचा दर्शनी भाग. रोजचं काम बारीकसारीक असतं. मुलांसाठी गळ टाकायचे दिवस ठेवायचे. रॉड नसलेल्या पोराला रॉड द्यायचा. गळ मागे झोकण्याआधी मागे कोण आहे ते बघायला शिकवायचं. अनेक पिअरवर डोक्यावरून गळ फेकायला बंदीच आहे, कारण मागून फिरायला आलेली कुटुंबं जात असतात. वापरलेली दोरी समुद्रात न टाकता तिच्यासाठी लावलेल्या नळकांड्यात टाकायची. मासा साफ करायच्या ओट्यावर पाणी मारून जायचं. पिअर घाण झाला तर पहिली तक्रार समोरच्या महागड्या घरांतून होते आणि पहिला बळी गळवाल्यांचा जातो, हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

पेलिकनचंही एक प्रकरण असतं. हा थोराड पक्षी गळाला लागलेल्या माशावर झेप घालतो आणि स्वतःच अडकतो. घाबरून दोरी कापणं ही नवख्याची पहिली ऊर्मी. तेच सगळ्यात वाईट, कारण लोंबती दोरी घेऊन उडालेला पक्षी कुठेतरी फांदीत अडकून मरतो. जुने लोक त्याला सावकाश जवळ ओढतात, डोक्यावर फडकं टाकतात, चोच धरतात पण श्वासाला फट ठेवतात, गळाचा काटा पक्कडीने तोडून गळ मागे काढतात आणि मग पक्षी सोडतात. याला चार हात लागतात. पुन्हा दुसरा माणूस आलाच.

क्लबाची खरी कसोटी भांडणाच्या वेळी लागते. जुलै २०१४ मध्ये मॅनहॅटन बीचच्या पिअरवर एका गळाला पांढऱ्या शार्कचं पिल्लू लागलं. पांढऱ्या शार्कला या राज्यात १९९४ पासून संरक्षण आहे. ते बराच वेळ दोरीवर झुंजत राहिलं आणि त्याच धांदलीत जवळून पोहत जाणाऱ्या एका माणसाला चावलं. माणूस वाचला. संतापाची लाट उठली आणि शहराने पिअरवरची मासेमारीच बंद केली. बंदी काही आठवडेच टिकली. किनाऱ्यावर लोकांच्या वावराचं रक्षण करणाऱ्या राज्याच्या कोस्टल कमिशनने असं परस्पर करता येणार नाही असं बजावलं. मग आमिष आणि साधनांवर बंधनं घालून पिअर पुन्हा उघडला. पोहणाऱ्यांचं म्हणणं रास्त होतं; शार्कला भुलवायला पाण्यात रक्त-मांस ओतणं हा पिअरवरचा मुजोरपणाच. पण एकाच्या मुजोरीपायी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट मोडायची का, हा प्रश्न विचारायला कोणीतरी संघटित असावं लागतं. मासेमारीवर बंधनं घालणाऱ्या, किनाऱ्यालगतच्या सागरी राखीव क्षेत्रांची आखणी चालू होती, तेव्हाही हेच दिसलं. १९९९ च्या कायद्यानुसार ती क्षेत्रं ठरली आणि २०१२ पर्यंत १२४ राखीव क्षेत्रांचं जाळं पुरं झालं. बोटवाल्यांना दुसरीकडे जाता येतं. पिअर उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

बादलीतलं विष

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. आता कडू.

लॉस एंजेलिसजवळ टॉरन्स गावाच्या शेजारी माँट्रोज केमिकल या कंपनीचा कारखाना होता. १९४७ ते १९८२ या काळात तिथे डीडीटी तयार होत असे. कारखान्याचं दूषित पाणी गावच्या गटारांतून पॅलोस व्हर्डेस इथे समुद्रात जाई. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे १,७०० टन डीडीटी या मार्गाने समुद्रतळावर पोचलं, असा सरकारी अंदाज आहे. आज तिथल्या समुद्राचा सुमारे १७ चौरस मैल तळ विषारी म्हणून सरकारी यादीत आहे. अमेरिकेने डीडीटीवर १९७२ मध्ये बंदी आणली. पण डीडीटी पाण्यात विरघळत नाही, चरबीत मुरतं: गाळातून किड्यात, किड्यातून माशात, माशातून पक्ष्यात आणि माणसात. १९७० मध्ये अनाकापा बेटावर पेलिकनच्या साडेपाचशेच्या वर घरट्यांतून एकच पिल्लू जगलं, कारण अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की आईच्या वजनाखालीच ती फुटत. बंदीनंतर पेलिकन सावरला आणि २००९ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला. आज तोच कठड्यावर बसून बादलीवर डोळा ठेवतो.

मासे मात्र सुटले नाहीत. सगळ्यात वाईट अवस्था व्हाइट क्रोकरची. आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातला हा चरबीदार मासा तळाच्या गाळात तोंड खुपसून किडे खातो आणि पिअरवर सहज मिळतो. राज्याच्या पर्यावरण-आरोग्य कार्यालयाने २००९ मध्ये जाहीर केलं, की सांता मोनिकाच्या पिअरपासून सील बीचच्या पिअरपर्यंतच्या पट्ट्यात व्हाइट क्रोकर, बार्ड सँड बास, ब्लॅक क्रोकर, टॉपस्मेल्ट आणि बॅराकुडा हे मासे मुळीच खाऊ नयेत. बाकीचे मासे मोजून खावेत. मुलांनी आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी आणखी जपून.

आता प्रश्न पाहा. पिअरवर फुकट मासा मिळतो म्हणून येतो तो गरीब. त्यालाच सांगायचं की हा खाऊ नकोस. तेही एका भाषेत सांगून भागत नाही, म्हणून कठड्यावर अनेक भाषांतल्या पाट्या आहेत. पाटी वाचून कोणी मासा सोडत नाही, हे कळल्यावर २००३ पासून पर्यावरण संस्थांनी माणसं पिअरवर पाठवायला सुरुवात केली. स्पॅनिश, व्हिएतनामी, चिनी बोलणारी ही माणसं कठड्याशी उभी राहून गप्पा मारतात, बादलीतला मासा ओळखून दाखवतात. सबंध मासा डोक्यासकट उकळून केलेलं सार हा पुष्कळ आशियाई घरांचा आवडीचा पदार्थ. पण विष मुरतं ते नेमकं कातडीत, चरबीत आणि पोटात. मग सांगायचं: कातडी काढा, चरबी काढा, फक्त मांस घ्या. कोणाच्या आईच्या रेसिपीत हात घालायचा तर आधी ओळख करावी लागते.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हे लांबचं म्हणून सोडू नये. डीडीटी आपल्याकडे रायगड जिल्ह्यात, रसायनीला, हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात तयार होत होतं. १९५३ मध्ये मलेरिया नियंत्रणाची मोहीम सुरू झाल्यावर घरोघर भिंतींवर त्याचे फवारे मारले गेले आणि त्याने लाखो माणसं वाचवली, हेही खरं. मुद्दा एवढाच, की आपल्या खाडीतल्या माशात काय मुरलंय हे सांगणारा कोणी माणूस ठाण्याच्या किंवा माहीमच्या खाडीकाठी गळ टाकणाऱ्याच्या शेजारी येऊन उभा राहत नाही.

लाटा

विषापेक्षाही तातडीचं संकट लाटांचं आहे. जानेवारी २०२३ च्या वादळांत १८५७ चं कॅपिटोला वॉर्फ मधोमध तुटलं. ते दुरुस्त होऊन २०२४ मध्ये पुन्हा खुलं झालं. शेजारच्या सीक्लिफला काँक्रीटच्या जुन्या जहाजापर्यंत जाणारा पिअर इतका मोडला की पाडूनच टाकावा लागला. सॅन डिएगोचा ओशन बीच पिअर २०२३ मध्ये बंद झाला तो झालाच. आता नवा बांधायचं ठरलं आहे. लाटांच्या जोडीला आगही: एप्रिल २०२४ मध्ये ओशनसाइडच्या पिअरचं टोक जळालं. त्याच वर्षी २३ डिसेंबरला सांताक्रूझच्या १९१४ च्या वॉर्फचं टोक मोठ्या लाटांनी कोसळलं आणि दुरुस्तीचं काम पाहणारे तिघे पाण्यात पडले, तिघेही वाचले. बर्कलीचा पिअर तर २०१५ पासून बंदच आहे.

नवा पिअर म्हणजे कोट्यवधी डॉलर. प्रत्येक गावात हिशेब सुरू होतो: इतका पैसा कोणासाठी? हॉटेलवाला, दुकानदार, पर्यटन खातं आपापली आकडेवारी घेऊन सभेला येतात. सकाळी चारला येऊन दुपारी मॅकरेल घेऊन जाणारा माणूस कोणत्याच आकडेवारीत नसतो. तो काही विकत घेत नाही, तिकीट काढत नाही आणि सुनावणीला येऊन इंग्रजीत बोलतही नाही. त्याच्या वतीने बोलतो तो क्लब. नव्या पिअरवर कठडा किती उंच असावा, रात्री किती वाजेपर्यंत उघडं असावं, मासे साफ करायला ओटा आणि पाणी कुठे, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला गळ टाकता यावा म्हणून कठडा कुठे खाली घ्यायचा, हे आराखड्यात असतं की नाही ते सभेला कोण हजर होतं यावर ठरतं.

आपला कठडा

अर्व्हाइनला किंवा सॅन होजेला मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या मराठी आईवडिलांना दुपार खायला उठते. गाडी चालवता येत नाही, ओळखी नाहीत. त्यांनी मुलाला शनिवारी सकाळी पिअरवर सोडायला सांगावं. परवाना लागत नाही. दोन रॉडची मर्यादा पाळावी आणि विषाची पाटी आधी वाचावी. मालवण-वेंगुर्ल्याकडे गरवायला गेलेल्या माणसाला तिथे फार काही शिकावं लागणार नाही. आणि ‘नेट!’ अशी हाक आली तर धावावं. ओळख तिथेच होते.

खरी गरज मात्र इथे आहे. मुंबईत वांद्र्याच्या खडकांवर, वरळीला, मरीन ड्राइव्हच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर माणसं हातदोरी टाकून बसतात, ती सगळी कोणाच्या तरी कानाडोळ्यावर. पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही जुनी संस्था आहे. पण ते गोडं पाणी आणि सभासदांचा क्लब. खाऱ्या पाण्यावर हौसेने किंवा संध्याकाळच्या कालवणापुरता गळ टाकणाऱ्याचं नाव कोणत्याच कागदावर नाही. दरम्यान किनारी रस्ते झाले, नवी विहारपथं झाली, कोकणात नव्या जेट्या होत आहेत. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी आग्रह धरला, लढा दिला, म्हणून किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करावं लागलं. काँक्रीटही ऐकतं, फक्त सांगणारे एकत्र असावे लागतात.

म्हणून मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक जेटीवर आणि समुद्राकाठच्या प्रत्येक विहारपथावर कठड्याचा एक तुकडा गळ टाकणाऱ्यांसाठी राखा. तिथे एक नळ, मासे साफ करायला एक ओटा, तुटलेली दोरी टाकायला एक नळकांडं द्या. इथल्या पाण्यातला कोणता मासा खावा आणि कोणता खाऊ नये, याची तपासणी करून मराठीत, हिंदीत आणि उर्दूत पाटी लावा. आणि तो कठडा राखायचा असेल तर तिथे बसणाऱ्यांनी आजच आपलं मंडळ काढावं, बंदीची नोटीस लागण्याची वाट पाहू नये. कॅलिफोर्नियाने घटनेतल्या कलमापासून घोड्यांच्या पैजांपर्यंत सगळं वापरून ही जागा मिळवली आणि एवढं करूनही ती दर पिढीला पुन्हा मागावी लागते. आपण अजून एकदाही मागितलेली नाही.